पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती रॅकेट देण्यापूर्वी काय शिकवावे?

मंगळवार पेठेतील शिक्षिका

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेते. आमच्याकडे स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसल्यामुळे खेळाचा तास वर्गशिक्षकांनीच घ्यायचा असतो. यंदा शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने बॅडमिंटनच्या बारा रॅकेट, नायलॉनच्या शटलचे काही डबे आणि एक जाळे भेट दिले. रॅकेट हातात मिळावी म्हणून मुलांची जी झुंबड उडाली ती पाहून आनंद झाला आणि काळजीही वाटली. पालकांच्या उत्साहाचे तर विचारायलाच नको. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली, तेव्हापासून आमच्या पालकसभेत कुस्ती आणि फुटबॉलच्या जोडीने टेनिस-बॅडमिंटनचेही नाव निघू लागले आहे.

अडचण अशी आहे की, मुले शटल वर उडवतात, जोरात रॅकेट फिरवतात आणि दोन्हींची गाठच पडत नाही. थोडे बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की काही मुलांना एका पायावर पाच आकडे मोजेपर्यंतही उभे राहता येत नाही, काही जण धावताना भिंतीला हात टेकल्याशिवाय थांबू शकत नाहीत, आणि चेंडू अंगावर आला की बरीच मुले मान वळवून डोळे मिटतात. दुसऱ्या बाजूला याच मुलांतली काही जण मधल्या सुट्टीत पायाने चेंडू इतका सफाईने खेळवतात की पाहत राहावे.

एका प्रशिक्षणात 'शारीरिक साक्षरता' हा शब्द ऐकला होता. वाचन शिकवण्यापूर्वी जशी अक्षरओळख करून घेतली जाते, तशी रॅकेटच्या खेळापूर्वी शरीराची कोणती तयारी करून घ्यावी, ती चाळीस मुलांच्या वर्गात एकाच वेळी कशी घ्यावी, आणि रॅकेट नेमकी केव्हा हातात द्यावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. आमचे पटांगण मातीचे आहे आणि पावसाळ्यात ते वापरता येत नाही, हेही कृपया लक्षात घ्यावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, शिवाजी पेठ

बाई, आपले निरीक्षण अचूक आहे आणि पुढे काय करायचे हे बरेचसे त्यातच दडलेले आहे. खाली येणारे शटल मारायचे म्हणजे ते कोठे पडणार याचा अंदाज घेणे, तेथवर पोहोचणे, तोल सावरून थांबणे, हात वर नेणे आणि योग्य क्षणी फटका मारणे, एवढ्या गोष्टी मुलाला दोन-अडीच सेकंदांत कराव्या लागतात. त्यातच बॅडमिंटनची रॅकेट ६८ सेंटिमीटरपर्यंत लांब असते, म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या अख्ख्या हाताहूनही लांब. आपला तळवा कोठे आहे हे मुलाला न पाहता कळते, पण रॅकेटची तार कोठे आहे हे त्याच्या शरीराला अजून कळत नाही. म्हणून आधी रॅकेटशिवाय या सगळ्या गोष्टी सुट्या सुट्या अंगवळणी पाडाव्या लागतात.

शारीरिक शिक्षणात मूलभूत हालचालींचे साधारण तीन गट मानले जातात. पहिल्यात जागा बदलण्याच्या हालचाली येतात: धावणे, उडी, लंगडी, बाजूला सरकणे. दुसऱ्यात तोल सांभाळणे, वळणे, वाकणे, थांबणे. तिसऱ्यात वस्तू हाताळणे, म्हणजे फेकणे, झेलणे, टोलवणे, पायाने मारणे. वय वाढले की या गोष्टी आपोआप येतात असा एक समज आहे आणि तो घातक आहे. चालणे आपोआप येते, पण नीट फेकणे आणि नीट झेलणे हे शिकवून आणि सराव करूनच येते. ते वेळेवर न शिकलेली कित्येक मुले दहाव्या-अकराव्या वर्षी खेळाच्या तासाला कडेला बसू लागतात, आणि मग आपण त्यांना 'खेळाची आवड नाही' असे म्हणून मोकळे होतो. आपल्या मुलांचे पाय तयार आणि हात कच्चे आहेत, यात मला नवल वाटत नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने पाहत वाढणाऱ्या मुलाच्या पायाला चेंडूची ओळख लहानपणीच होते. हाताच्या वाट्याला तेवढा सराव येत नाही.

रॅकेटच्या खेळासाठी या सगळ्यांत सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचाराल तर मी फेक हेच उत्तर देईन. डोक्यावरून मारायचा बॅडमिंटनचा फटका आणि टेनिसची सर्व्हिस या दोन्हींच्या मुळाशी वरून चेंडू फेकण्याचीच हालचाल आहे. एका मुलाला भिंतीपासून सहा-सात पावलांवर उभे करा, चेंडू जितक्या जोरात फेकता येईल तितक्या जोरात फेकायला सांगा आणि चेंडूकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहा. सराव नसलेला मुलगा भिंतीकडे छाती करून सरळ उभा राहतो, पाय हलवत नाही, कोपर बरगडीला चिकटलेले असते आणि चेंडू केवळ मनगटाने पुढे ढकलला जातो. थोडा सुधारलेला मुलगा पाऊल टाकतो, पण ज्या हाताने फेकतो त्याच बाजूचे. ज्याला फेक साधली आहे तो भिंतीकडे खांदा करून उभा राहतो, उजव्या हाताने फेकत असेल तर डावे पाऊल पुढे टाकतो, आधी कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर, आणि सर्वांत शेवटी चेंडू सुटतो. ही साखळी ज्याच्या अंगात आली त्याच्या हाती रॅकेट दिली की फटका मारताना त्याला फार काही नव्याने शिकावे लागत नाही. मुलींना फेकता येत नाही असे आजही शाळाशाळांतून ऐकू येते. त्यांना फेकायला दिलेच जात नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्या वर्गात दोघांनाही सारखे चेंडू आणि सारखा वेळ द्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

यासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. लगोरीत नेम धरून फेकणे आहे, पळणे आहे आणि अंगावर येणारा चेंडू चुकवणेही आहे. चेंडू मात्र मऊ घ्यावा. लंगडीत एका पायाचा तोल आहे, फक्त दर फेरीला पाय बदलायला लावावा, नाहीतर मूल जन्मभर एकाच पायावर लंगडी घालते. सूरपाट्यांत रेषेवर आडवे सरकणे आणि हुलकावणी ओळखणे आहे, आणि रॅकेटच्या खेळात मैदानावरचे सरकणे जवळजवळ तसेच असते. विटी-दांडू हा तर टोलवण्याचाच खेळ. विटी दांडूने उडवायची आणि ती हवेत असतानाच टोला द्यायचा, यात नजर आणि हात यांचा जो मेळ लागतो तो शटल मारण्यापेक्षा अवघडच आहे. पहिलीच्या मुलांना लाकडी विटी देऊ नये, कारण डोळ्याला इजा होण्याचे भय असते. कागदाचा घट्ट बोळा करून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली की तेच काम होते. शिवाय आपल्या कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत. लाठी फिरवणारा मुलगा आधी पवित्रा घ्यायला शिकतो: पाय खांद्याहून थोडे रुंद, गुडघे सैल, भार टाचांवरून पुढे चवड्यांवर. कोणत्याही रॅकेटच्या खेळातली तयारीची स्थिती हीच असते. आपल्या पेठेतील एखाद्या वस्तादांना शाळेत बोलावून मुलांकडून तासभर पवित्रे करून घेतले तर त्याचा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते.

आता चाळीस मुलांचे. पस्तीस मिनिटांच्या तासात एकच रांग लावली आणि एकेकाने येऊन खेळायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही आणि उरलेला वेळ रांगेत ढकलाढकलीत जातो. म्हणून पटांगणाच्या चार कोपऱ्यांत चार कामे लावावीत आणि दहा-दहांचे गट करावेत. एका कोपऱ्यात भिंतीवर खडूने वर्तुळे काढून फेक, दुसऱ्यात जोडीने झेल, तिसऱ्यात दोरीउड्या आणि लंगडी, चौथ्यात पळता पळता शिट्टी वाजली की गुडघे वाकवून जागच्या जागी थांबणे. सात-आठ मिनिटांनी गट पुढे सरकवावेत. आपण स्वतः फेकीच्या कोपऱ्यात थांबावे, कारण चुकीची सवय तेथेच सर्वांत लवकर लागते.

प्रगती पाहण्यासाठी वेगळी परीक्षा शोधू नका. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी उंची-वजनाच्या जोडीला फ्लेमिंगो संतुलन आणि प्लेट टॅपिंग याच दोन गोष्टी आहेत. फ्लेमिंगो संतुलनात ६० सेकंद एका पायावर उभे राहताना तोल किती वेळा गेला ते मोजतात, प्लेट टॅपिंगमध्ये हात दोन चकत्यांवर आलटून पालटून किती लवकर फिरतो ते पाहतात. तोल आणि हाताची चपळाई या दोन्ही गोष्टी आपल्याला हव्या आहेतच, तर त्या नोंदी याच कामासाठी वापराव्यात.

शारीरिक साक्षरतेबद्दल आपण विचारले आहे. आज ही कल्पना ज्या अर्थाने वापरली जाते तो ब्रिटिश अभ्यासिका मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९३ पासून मांडला. त्यात केवळ कौशल्य येत नाही. हालचाल करण्याची इच्छा, आपल्याला जमेल हा विश्वास, अंगातली क्षमता आणि आपण हे का करतो याची समज, या चारही गोष्टी मिळून माणूस आयुष्यभर हालता-खेळता राहतो, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे आपल्या वर्गातले मूल उद्या बॅडमिंटन खेळले काय किंवा खो-खो खेळले काय, आपले काम वाया जात नाही.

रॅकेट खेळांचा प्रशिक्षक, ताराबाई पार्क

सरांनी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे. फेकीबद्दल त्यांनी जे लिहिले आहे ते तर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाने वाचावे. एका बाबतीत मात्र माझे मत निराळे आहे. सगळ्या मूलभूत हालचाली पक्क्या होईपर्यंत रॅकेट कपाटात ठेवू नये. मुलांना रॅकेटची जी ओढ लागली आहे ती फार मोलाची आहे, आणि सरांनी सांगितलेल्या चार गोष्टींत पहिली इच्छाच आहे. ती विझवून मग कौशल्य शिकवायला गेलो तर मुले कंटाळतील. पहिल्या आठवड्यापासून टोलवण्याचा एक कोपरा असावा. फक्त वस्तू आणि साधन यांचा क्रम सांभाळावा.

वस्तूंच्या बाबतीत सुरुवात फुग्याने करावी. फुगा संथ खाली येतो, त्यामुळे मुलाला पाहायला, विचार करायला आणि पोहोचायला वेळ मिळतो. त्यानंतर मऊ स्पंजचा मोठा चेंडू, मग शटल. साधनांच्या बाबतीत आधी उघडा तळवा, मग आखूड फळी आणि मग रॅकेट. फळीसाठी सुताराकडून पातळ प्लायवूड कापून घ्यावे, मूठ धरून साधारण तीस सेंटिमीटर लांब, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. चाळीस मुलांना पुरतील इतक्या फळ्या फार खर्च न करता तयार होतात, आणि बारा रॅकेट चाळिसांत वाटण्याचा आपला प्रश्नही सुटतो. रॅकेट दिल्यावरही सुरुवातीला मुठीच्या टोकाला न धरता तिच्या गळ्याजवळ धरू द्यावी. हात जसा सरावेल तसा मुलगा स्वतःहूनच खाली सरकतो.

आणखी एक साधन फार उपयोगी आहे. जुन्या मोज्यात चेंडू घालून तो व्हरांड्याच्या आडव्या वाशाला दोरीने टांगावा, उंची मुलाने हात वर केल्यावर बोटे जेथे पोहोचतात त्याहून थोडी वर. चेंडू एका जागी असल्यामुळे मूल निश्चिंतपणे कोपर वर नेऊन, खांदा वळवून फटका मारू शकते आणि चेंडू शोधायला कोणाला पळावे लागत नाही. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत, जेव्हा पटांगणात चिखल असतो, तेव्हा टांगलेले चेंडू आणि फुगे एवढ्यावर व्हरांड्यातही उत्तम तास होतो.

पकडीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. मूल रॅकेट हातात घेते ते बहुतेक वेळा तवा धरल्यासारखी, म्हणजे तारांचा सपाट भाग समोर आणि अंगठा मुठीच्या चपट्या बाजूवर. या पकडीने समोरचे शटल ढकलता येते, म्हणून मुलाला ती बरोबर वाटते. पण डोक्यावरचा फटका मारताना मनगट आणि कोपराखालचा हात फिरू शकत नाही आणि पुढे ती सवय मोडायला फार कष्ट पडतात. रॅकेटची कड जमिनीकडे करून उभी धरावी, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात मुठीची वरची अरुंद कड यावी आणि बोटे सैल असावीत. मूठ आवळली की हात आखडतो. फटक्याच्या क्षणापुरतीच ती घट्ट करायची असते. ज्या हाताने मूल खडू धरते त्याच हातात रॅकेट द्यावी. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने खेळायला लावणारे पालक आजही भेटतात आणि त्याचे मला वाईट वाटते.

मातीचे उघडे पटांगण आहे म्हणून बॅडमिंटनबद्दल एक सावधगिरी सांगतो. शटलचे वजन जेमतेम ५ ग्रॅम असते, त्यामुळे उघड्यावर जराशा वाऱ्यानेही ते भरकटते आणि मुलाला आपलीच चूक झाली असे वाटते. शक्य असेल तर शटलचे काम वर्गात बाके कडेला सारून किंवा सभागृहात घ्यावे आणि बाहेर चेंडू वापरावा. जाळे सुरुवातीला लावूच नये. नियमाप्रमाणे खांबापाशी त्याची उंची १.५५ मीटर असते, म्हणजे दुसरीच्या मुलाच्या डोक्याच्या बरीच वर. दोन खुर्च्यांना दोरी बांधून ती मुलांच्या छातीइतकी ठेवली तरी पुरेसे आहे.

टेनिसचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. नेहमीचा टेनिस चेंडू २५४ सेंटिमीटरवरून टणक जमिनीवर सोडला तर नियमानुसार तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, आणि सात वर्षांच्या मुलाची उंची साधारण १२० सेंटिमीटर असते. म्हणजे मोठ्यांचा चेंडू दिला तर मुलाला कित्येक फटके खांद्याच्या किंवा डोक्याच्या उंचीवर मारावे लागतात. हे ध्यानात घेऊन आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने लाल, केशरी आणि हिरव्या खुणेचे संथ चेंडू प्रचारात आणले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ, त्याचे मैदान ११ मीटर लांब आणि जाळे ८० सेंटिमीटर उंच. २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत हे संथ चेंडू वापरणे महासंघाच्या नियमांनीच बंधनकारक केले. जागतिक बॅडमिंटन महासंघाचा शाळांसाठी 'शटल टाइम' नावाचा मोफत उपक्रम आहे. त्यात खास खेळाडू नसलेल्या शिक्षकांसाठी तयार पाठ दिले आहेत आणि सुरुवातीच्या पाठांत फुगे, तोल आणि पकड यांवरच भर आहे. आपल्यासारख्या शिक्षकांनी तो जरूर पाहावा. टेबल टेनिस पहिलीच्या मुलांना सध्या राहू द्यावे. ७६ सेंटिमीटर उंचीचे टेबल त्यांच्या छातीपाशी येते आणि खेळाचा वेगही झेपत नाही.

पालक, फुलेवाडी

विषयाला धरूनच एक शंका आहे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याला बॅडमिंटन मनापासून आवडते. एका खासगी वर्गात रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस सराव सांगितला आहे आणि फुटबॉल बंद करा असेही सुचवले आहे. लवकर सुरुवात केली तरच मूल पुढे जाते, हे कितपत खरे मानावे?

फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी

दादा, सातव्या वर्षी एकच खेळ धरून बाकीचे बंद करू नका, असेच मी सुचवेन. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात बहुतेक खेळांच्या बाबतीत एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणे पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावे, आणि आठवड्यातून किमान एक-दोन दिवस त्या खेळाला पूर्ण विश्रांती द्यावी, असे सुचवले आहे. त्यामागचे कारण शरीराच्या रचनेत आहे. वाढत्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो, आणि तीच ती हालचाल, त्याच खांद्यातून आणि त्याच मनगटातून, शेकडो वेळा झाली की ताण तेथेच साठतो. रॅकेटचे खेळ एकाच हाताने खेळले जात असल्याने हा धोका त्यांत ठळक असतो. फुटबॉल त्याच्या पायांना, श्वासाला आणि मैदानाच्या अंदाजाला जे देतो ते बॅडमिंटनलाही उपयोगी पडते, म्हणून तो चालू राहू द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगितली आहे. त्यात सायकल, पोहणे, गल्लीतली पकडापकडी हे सगळे येते.

बाईंसाठीही एक सूचना. जे मूल सातत्याने चेंडू चुकवते, फुगाही चुकवते, किंवा झेलताना मान तिरकी करते, त्याच्या डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलांची नावे आधीच लिहून ठेवली तर ती नजरेतून सुटत नाहीत. हालचालीतला ढिसाळपणा म्हणून ज्याला आपण नाव ठेवतो तो कित्येकदा चष्म्याचा नंबर असतो.

मंगळवार पेठेतील शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फळ्यांसाठी शाळेजवळच्या सुतारांशी बोलणे झाले आहे आणि मोज्यातले चेंडू मुलांच्या मदतीने आम्ही वर्गातच तयार करणार आहोत. एक प्रश्न उरतो. वर्गात एक मुलगी आहे, तिला कोणीही चेंडू टाकला की ती दोन्ही हात तोंडावर घेते आणि मागे सरकते. डोळ्यांची तपासणी झाली आहे, नजर उत्तम आहे. इतर मुले हसतात, त्यामुळे आता ती खेळाच्या तासाला पोट दुखते असे सांगते. तिला कोठून सुरुवात करून द्यावी?

निवृत्त क्रीडाशिक्षक, शिवाजी पेठ

तिला झेलायला सांगू नका, निदान सध्या तरी. तिच्या हातात वस्तू द्या आणि ती तिलाच वर उडवू द्या, कारण स्वतः उडवलेल्या वस्तूची भीती वाटत नाही. पहिल्यांदा ओढणी किंवा पातळ रुमाल घ्या. तो उडवला की तरंगत हळूहळू खाली येतो, चेहऱ्याला लागला तरी काही होत नाही, आणि तो वरून पकडताना डोळे आपोआप उघडे राहतात. मग फुगा, मग कागदाचा हलका बोळा. त्यानंतर जमिनीवरून घरंगळत येणारा चेंडू बसून अडवू द्या, मग एक टप्पा पडून येणारा. सरळ अंगावर येणारा झेल सर्वांत शेवटी, आणि तोही तिने स्वतः निवडलेल्या मैत्रिणीकडून. फेकणाऱ्याने दोन्ही हातांनी, खालून, तिच्या छातीच्या उंचीला फेकावे, आणि तिने हात आधीच पुढे करून ठेवावेत, म्हणजे चेंडू आल्यावर कोपरे दुमडून तो अंगाकडे घेता येतो. हसणाऱ्या मुलांचे असे करा की काही दिवस सगळ्या वर्गालाच रुमालाचे काम द्या. ती एकटी वेगळी दिसत नाही, आणि ज्यांना आपण झेलण्यात तरबेज समजतो त्यांनाही डाव्या हाताने रुमाल पकडणे जड जाते. तिला झेल साधला नाही तरी टोलवण्याचा कोपरा बंद करू नका. टांगलेला चेंडू अंगावर येत नाही, त्यामुळे तेथे ती कदाचित इतरांच्या आधी पुढे जाईल.

रॅकेट खेळांचा प्रशिक्षक, ताराबाई पार्क

सरांच्या उत्तरात भर म्हणून फक्त सुरक्षिततेबद्दल लिहितो. टांगलेल्या चेंडूंमध्ये अंतर ठेवताना मुलाने हातात फळी घेऊन दोन्ही बाजूंना हात पसरले तरी शेजाऱ्याला स्पर्श होणार नाही एवढे ठेवावे आणि खडूने प्रत्येकाचे वर्तुळ आखावे. शिट्टी वाजली की फळी जमिनीवर ठेवायची, हातात धरून गट बदलायचा नाही, हा नियम पहिल्याच तासाला लावावा. एका ओळीत मुले भिंतीकडे तोंड करून मारत असतील, तर डावखुऱ्या मुलांना ओळीच्या डाव्या टोकाला उभे करावे, म्हणजे त्यांचा हात मोकळ्या बाजूला फिरतो आणि शेजारच्या उजव्या हाताच्या मुलाची फळी त्यांच्या फळीला लागत नाही. सुतारांना फळ्या कापायला सांगताना मुठीची जाडी मात्र मुलांच्या हाताने मोजून घ्यावी: बोटे मिटल्यावर मधल्या बोटाचे टोक आणि तळहात यांच्यात करंगळीएवढी फट राहिली पाहिजे.